आमची मानसिकता आणि कंपासपेटीतलं यंत्र

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या शिक्षण पानावरचा लेख वाचला. लेखकमहाशयांच्या मते स्मार्ट वर्ग आले, टॅब आले, एआय दारात येऊन उभं आहे. आता दिव्यांग मुलांचे विशेष शिक्षक होऊ घातलेल्या आम्हा मंडळींची मानसिकता तेवढी बदलायची राहिली आहे. आम्ही म्हणे अजून खडू-फळ्याला आणि चित्रकार्डांना चिकटून बसलोय. परीक्षा तोंडावर आहे, जाऊ दे म्हणून काल गप्प बसले. आज सकाळी चहाच्या कपाखाली पुन्हा तेच पान आलं आणि राहवलं नाही.

मी बी.एड. विशेष शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. श्रवणदोष हा माझा विषय. आमची मतं गोळा करणारी प्रश्नावली मीही भरली आहे. ‘तंत्रज्ञानामुळे अध्ययन परिणामकारक होते’ असं वाक्य आणि पुढं ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंत पाच चौकटी. कुठलं तंत्रज्ञान, कुणाचं अध्ययन, वर्गात त्या दिवशी लाईट होती का, हे सांगायला जागा नव्हती. मी ‘तटस्थ’वर खूण केली. त्यावरून कुणाला माझी मानसिकता मागास वाटली असेल तर वाटो बापडी.

सराव पाठांसाठी आम्हाला साध्या शाळांतही जावं लागतं. करवीर तालुक्यातल्या अशाच एका शाळेत मी होते. नाव सांगत नाही, कारण तिथल्या बाई मनानं चांगल्या होत्या आणि दोष त्यांच्या एकटीचा नव्हे. पाचवीच्या वर्गात भिंतीवर टीव्हीसारखा भला मोठा डिजिटल पॅनल. परिसर अभ्यासाचा तास, विषय जलचक्र. पॅनलवर चमक येते म्हणून खिडक्या लावल्या, ट्यूब बंद केली. पोरं खूश, थिएटरच झालं. समुद्र, वाफ, ढग, पाऊस, सगळं रंगीत आणि मागून भरभर बोलणारा आवाज. अधूनमधून बाई अंधारात पॅनलकडं तोंड करून समजावत होत्या.

दुसऱ्या बाकावर एक मुलगी होती. हजेरीपटावर तिच्या नावापुढं ‘श्रवणदोष’ लिहिलेलं. ती पॅनल बघत नव्हती, शेजारणीची वही बघत होती. शेजारीण हसली की ही हसायची. म्हणून मी जाऊन ट्यूब लावली, तर अख्खा वर्ग ओरडला, ‘‘बाई, लाईट!’’ उजेडात मला पहिल्यांदा दिसलं की तिच्या कानात यंत्रच नाही. विचारल्यावर तिनं कंपासपेटी उघडून दाखवली. कर्कटकाच्या शेजारी रुमालात गुंडाळलेली दोन्ही यंत्रं.

का काढून ठेवलीस, तर उत्तर शेजारणीनं दिलं, ‘‘मॅडम, ते शिट्टी वाजवतंय. पोरं चिडवत्यात.’’

आता ही शिट्टी काय असते ते लेखकमहाशयांना माहीत असावं, असं मी गृहीत धरते. यंत्राचा आवाज कानात पोचवणारा जो साचा असतो, तो त्या त्या कानाचं माप घेऊन बनवतात. मूल वाढतं, कान वाढतो, साचा आहे तेवढाच राहतो. मग फट पडते, आतला आवाज बाहेर येऊन पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि यंत्र शिट्टी मारतं. उपाय म्हणजे नवा साचा. त्यासाठी ना इंटरनेट लागतं ना एआय. पण मुलीचे वडील शिरोलीच्या फौंड्रीत. माप द्यायला एक खाडा आणि साचा घ्यायला दुसरा. यंत्र शिबिरात मिळालं होतं, पाहुण्यांच्या हस्ते, फोटोसकट. दिव्यांगांना उपकरणं देणारी केंद्राची एडिप योजना 1981 पासून आहे, यंत्रं वाटली जातात, चांगलंच आहे. पुढं साचा बदलायचा, सेल बदलायचे, पावसाळ्यात यंत्र दमट होऊ द्यायचं नाही, हे सगळं कुणी बघायचं? शाळा म्हणते पालकांनी, पालक म्हणतात शाळेनं. फिरते विशेष शिक्षक यायचे, पण त्यांच्याकडं एवढ्या शाळा की पुन्हा फेरी कधी होईल ते त्यांनाच सांगता येत नव्हतं. प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे आणि त्यापुढं 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या निकालानंतर केंद्रानं 2022 मध्ये ठरवून दिलंय. लेखात त्याचा उल्लेख शोधला, सापडला नाही. मानसिकता मात्र चार ठिकाणी होती.

चप्पल तुटलेल्या माणसाला डांबरी रस्त्याचं कौतुक सांगण्यातला हा प्रकार.

आणि समजा साचा बदलला, यंत्र कानात बसलं, तरी मूल पॅनलच्या आवाजावर शिकेल असं नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं पडतो. वर्गात त्यात पंख्याची घरघर मिसळते, जुलैत पत्र्यावरचा पाऊस, आणि साधं यंत्र बाईंच्या आवाजासोबत हा गोंगाटही मोठा करून देतं. जे ऐकू येत नाही ते मूल ओठांवरून भरून काढतं. तेही सगळं जमत नाही, कारण प, ब आणि म ओठांवर एकसारखेच दिसतात. ‘पाल’ म्हटलं का ‘माल’ म्हटलं, हे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून, हातवाऱ्यांवरून आणि आधीच्या वाक्यावरून ताडायचं असतं. तो चेहराच तुम्ही अंधारात नेलात तर उरलं काय? पडद्यामागून बोलणाऱ्या त्या आवाजाला तर ओठच नाहीत, आणि खाली मराठी अक्षरंही उमटत नव्हती.

म्हणून मी तंत्रज्ञानाच्या विरोधात आहे का? मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी तोच पॅनल मी वापरला. खिडक्या उघड्या, ट्यूब चालू, आवाज बंद. एक चित्र दाखवायचं, थांबवायचं, पॅनलच्या शेजारी पोरांकडं तोंड करून उभं राहून बोलायचं, मग पुढचं चित्र. भारतीय सांकेतिक भाषेचा 10,000 शब्दांचा कोश दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्रानं व्हिडिओंत फुकट ठेवलाय. त्यातल्या पाऊस, ढग, नदी या खुणा अख्ख्या वर्गाला करायला लावल्या. पोरांनी जाम धिंगाणा घातला, बाईंनी दोनदा आत डोकावलं. त्या मुलीनं ‘ढग’ची खूण शेजारणीला दुरुस्त करून दिली. एवढंच झालं, जादू वगैरे काही नाही. ‘बाष्पीभवन’ तिला तेव्हाही कळलं नव्हतं. त्यासाठी मधल्या सुट्टीत फरशीवर पाणी सांडून वाट बघत बसावं लागलं.

मोबाइलवर बोललेलं लिहून दाखवणारं गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइबही वापरून बघितलं. 2019 पासून आहे, मराठी येतं, मोठ्या माणसांना फार उपयोगी. पण ज्या मुलीचं यंत्र उशिरा लागलं, जिची भाषाच अजून तयार व्हायची आहे, तिच्यासमोरून वाक्यांची आगगाडी धावली तर ती कुठल्या डब्यात चढणार? शिवाय आमचं कोल्हापुरी ‘आलंय-गेलंय’ त्याला झेपत नव्हतं, तो भाग वेगळाच. आधी भाषा, मग अक्षर, मग अ‍ॅप. हा क्रम मला प्रश्नावलीत लिहायचा होता.

खरं तर आमच्या क्षेत्राइतकं यंत्रांवर जगणारं दुसरं शिक्षण क्षेत्र दाखवा. श्रवणयंत्र हे यंत्रच आहे, ब्रेलची पाटी हेही तंत्रज्ञानच. लेखकाला तंत्रज्ञान म्हणजे जे भिंतीला टांगता येतं आणि ज्याचं उद्घाटन करता येतं तेच वाटत असेल, तर मानसिकता कुणाची बदलायची? 2015 नंतर ज्ञानरचनावादाच्या, म्हणजे मूल स्वतः करून शिकतं या विचाराच्या, नावानं शाळाशाळांतल्या फरशा ऑइलपेंटनं रंगल्या, आता भिंती उजळल्या. कधीतरी एकेका पोराच्या कानापर्यंतही पोचू.

लेखाच्या शेवटी शाहू महाराज आणलेच आहेत. कोल्हापुरात ते आणल्याशिवाय लेख पुरा होत नाही, माझंही पत्र नाही. महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. इथं बापानं पोर धाडलंय, रोज धाडतोय. ते वर्गात बसून काही ऐकत नसेल तर तो रुपया कुणाकडून घ्यायचा, तेवढं पुढच्या लेखात कळवावं.

नाव छापू नये ही विनंती. प्रात्यक्षिकाचे गुण अजून पडायचे आहेत.

आपली,
एक वाचक
राजारामपुरी, कोल्हापूर

ता. क. माझी एक वर्गमैत्रीण अंध आहे. ती संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, वापरते आणि माझ्या दुप्पट वेगानं वाचते. कालचा लेख तिला वाचायचा होता म्हणून तुमचा ई-पेपर उघडला. पान म्हणजे नुसतं चित्र, त्यामुळं स्क्रीन रीडर ‘ग्राफिक, ग्राफिक’ एवढंच बोलत राहिला. दिव्यांगांसाठीच्या तंत्रज्ञानावरचा लेख शेवटी मी तिला तोंडानं वाचून दाखवला. मजकूर सर्वांना वाचता येईल अशा रूपात असावा, याबद्दल 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 42 आहे, सवड मिळाली तर बघावं. तोवर निदान त्या लेखाचा साधा मजकूर मेलवर पाठवा. मेलचा पत्ता पत्रासोबत दिला आहे. तिलाही उत्तर लिहायचंय, आणि ती माझ्याइतकी सभ्य नाही.