गेरूची पिल्लं मी का होऊ दिली नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका सद्गृहस्थांचं पत्र आलं होतं. इंदूरमध्ये आता जपानी शिबा जातीचे कुत्रे दिसू लागले आहेत, ही जात एकेकाळी संपायला आली होती, तेव्हा शहरातल्या मालकांनी एकत्र येऊन पिल्लं वाढवावीत, हेच खरं संवर्धन, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांची कळकळ खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. पण ते पत्र छापून आल्यावर चार दिवसांत मला ओळखीपाळखीतून तीन फोन आले. तिन्ही एकाच कामाचे: त्यांच्या मादीशी माझ्या कुत्र्याची जोडी लावायची. म्हणून हे लिहायला बसले.

माझ्याकडे शिबा आहे. नाव गेरू. पाठ आणि डोकं तांबूस. गाल, छाती, पोट आणि पायांची आतली बाजू पांढरी. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्याला उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, हा तर गेरू-चुन्याचा आहे, आमच्या देवासच्या वाड्याच्या भिंतीसारखा." तेच नाव राहिलं. पुढे वाचनात आलं की या पांढऱ्या भागाला जपानीत उराजिरो म्हणतात, आणि तो असणं हे या जातीचं लक्षण मानतात.

2020च्या डिसेंबरात मुलगा घरून काम करत होता तेव्हा त्याने हे पिल्लू आणलं. वर्षभरात त्याची नोकरी त्याला बाहेर घेऊन गेली आणि गेरू माझा झाला. विकणाऱ्याने सव्वा लाख रुपये घेतले आणि एक छापील कागद दिला. कागदावर आईबापांची नावं आणि ओळखीसाठी कातडीखाली बसवतात त्या मायक्रोचिपचा पंधरा आकडी नंबर. पहिल्या लसीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी स्कॅनर मानेवरून फिरवला, खांद्यांवरून फिरवला, बरगड्यांपर्यंत नेला. स्कॅनर गप्प. चिप नव्हतीच. मुलाने विकणाऱ्याला फोन लावला, तो एकदा उचलला गेला, नंतर नाही. म्हणजे गेरूचा बाप कोण, आई कोण, ती दोघं एकमेकांची कोण लागत होती, यातलं मला काहीही माहीत नाही. कागद अजून फाइलमध्ये आहे, पण तो गेरूचा आहे असं मी म्हणू शकत नाही.

आता मूळ मुद्दा. पत्रलेखकांनी जपानचा दाखला दिला आहे, तर तिथे नेमकं काय झालं ते बघू. परदेशी कुत्रे बंदरांतून, शहरांतून आले आणि गावोगावच्या कुत्र्यांत मिसळले. जुन्या वळणाचे कुत्रे उरले ते डोंगरातल्या शिकाऱ्यांकडे. 1928मध्ये हिरोकिची साइतो यांनी देशी कुत्र्यांच्या जतनासाठी संस्था काढली, तिला थोडक्यात निप्पो म्हणतात. मग आकिता, काई, किशू, शिबा, शिकोकू आणि होक्काइदो या सहा जातींना 1931 ते 1937 या काळात सरकारने नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षण दिलं. शिबाची पाळी 1936मध्ये आली. कोशी नावाची आणखी एक जात 1934मध्ये जाहीर झाली होती. ती टिकली नाही. जाहीर करून जात टिकत नाही, हे तिथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

शिबाचंही तसंच व्हायची वेळ आली होती. युद्धात माणसांनाच खायला नव्हतं, मागोमाग डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराची साथ आली. उरलेले कुत्रे तीन भागांतले होते: शिन्शू, मिनो आणि सानइन. आपल्याकडे गायकीची घराणी असतात तशी ही घराणी म्हणा. अमीर खाँसाहेबांच्या गावात ही उपमा सहज सुचते. त्यातला शिमाने प्रांताच्या डोंगराळ भागातला इशी नावाचा एक कुत्रा 1930च्या दशकात टोकियोला नेला गेला. त्याची जोडी शिकोकू बेटावरच्या कोरो नावाच्या मादीशी लागली, त्यांना आका झाला, आणि त्याच वंशात 1948मध्ये नाका जन्मला. आजच्या बहुतेक शिबांचा वंश मागे नेत गेलं की तो इशीपर्यंत पोचतो.

हे सगळं मला इंदुरात बसून कळतं, ते कशामुळे? कुणीतरी दर वेळी लिहून ठेवलं म्हणून. कोण कुणापासून झाला, उंची किती, शेपूट कशी वळते, स्वभाव कसा आहे. निप्पोच्या कसोटीत स्वभावाचे तीन शब्द आहेत, त्यांचा माझ्या समजुतीप्रमाणे अर्थ असा: अंगात पाणी हवं, मन सालस हवं आणि दिसण्या-वागण्यात साधेपणा हवा. कुत्रा या कसोटीवर पाहायचा, मग त्याचा वंश पुढे न्यायचा की नाही ते ठरवायचं. वहीत ज्याचं नाव नाही, चिप नाही, आईबाप ठाऊक नाहीत, असा माझा गेरू त्या रांगेत कुठे बसतो? आज जपानच्या देशी जातींत संख्येने सगळ्यांत जास्त शिबाच आहेत. इंदूरच्या चार पिल्लांवाचून त्यांचं काही अडलेलं नाही.

मी चौतीस वर्षं इथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं. झाबुआ-अलीराजपूरकडून येणारे सिकल सेलचे, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचे, नमुने मी हाताने लावले आहेत. आईबाप दोघंही धडधाकट, शेतात राबणारे, आणि कडेवरचं लेकरू पिवळं पडलेलं, सांधे धरून रडणारं. दोघंही वाहक असले, म्हणजे स्वतः आजारी नसून आजार पुढे देऊ शकणारे असले, की दर बाळंतपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची असते, हे मी किती जणांना समजावून सांगितलं असेल, मोजदाद नाही. आता लग्नाआधी दोघांची सिकल सेल तपासणीची कार्डं जुळवून बघा असं सरकारच सांगतं, ते मला फार बरं वाटतं.

शिबांमध्ये अगदी याच चालीने जाणारा एक आजार आहे. जीएम1 गँग्लिओसिडोसिस. एका एन्झाइमच्या अभावामुळे मेंदूच्या पेशींमध्ये चरबीसारखा पदार्थ साचत जातो. पिल्लू चार-पाच महिने छान खेळतं. मग पाय लटपटतात, तोल जातो, मान थरथरते. सव्वा वर्षाच्या आसपास ते जातं. उपाय नाही. वाहक असलेला कुत्रा मात्र आयुष्यभर ठणठणीत असतो, त्याच्याकडे पाहून काही कळत नाही. डीएनए चाचणीनेच कळतं. मला फोन करणाऱ्या तिघांनाही मी विचारलं, तुमच्या मादीची ही चाचणी केली आहे का? तिघांनीही आजाराचं नाव पहिल्यांदा ऐकलं होतं. त्यातलं एक कुटुंब फार सज्जन आहे, स्नेहनगरकडे राहतं, त्यांची मादी दृष्ट लागावी अशी देखणी आहे. ताई म्हणाल्या, "अहो, दोघं किती शोभतील!" मला त्यांचं मन मोडवत नव्हतं, तरी नाही म्हणाले. गेरूची नसबंदी 2022मध्येच झाली आहे, हे सांगितल्यावर त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत.

या जातीबरोबर राहायचं म्हणजे काय, तेही लिहिते, कारण पिल्लं होतील ती कुणाच्या तरी घरी जातील.

गेरूला दुहेरी कोट आहे. वरचे केस राठ, आत कापसासारखी लव. बर्फाच्या डोंगरात ही लव ऊब देते आणि इंदूरच्या मे महिन्यात पारा बेचाळीसवर गेला तरी ती अंगावरून उतरवून ठेवता येत नाही. उन्हाळ्यात आमचं फिरणं पहाटे पाचला आणि रात्री साडेनऊनंतर. डांबरी रस्त्यावर आधी मी माझा तळहात टेकवते. चटका बसला तर परत घरात. दुपारी तो मोरीजवळच्या शहाबादी फरशीवर पोट टेकून, मागचे पाय लांब पसरून पडतो, कूलरचा झोत अंगावर. जीभ बाहेर, बरगड्या भरभर हलतात. पहिल्या उन्हाळ्यात मी त्याच्यासमोर पाण्याचं भांडं घेऊन रडले होते. आपण याला इथे का आणलं, असं वाटायचं.

त्याच उन्हाळ्यात एका ग्रूमिंगवाल्याने "आंटी, गर्मी में आराम मिलेगा" म्हणत मशीन लावली आणि पाठीवरचे केस मुळापासून काढले. मी बाहेर बाकावर बसले होते, आत काय चाललंय ते मला कळलं नाही. केस परत यायला दीड वर्ष लागलं, आणि आले तेही चट्ट्याचट्ट्यांनी. हाच कोट ऊन अंगापर्यंत पोचू देत नाही. दुहेरी कोटाच्या कुत्र्याला मशीन लावू नये, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आज ही चूक दुसऱ्या कुणी करू नये म्हणून सांगते.

वर्षातून दोनदा लव गळते. होळीच्या सुमारास तर पंधरा दिवस रोज अर्धा तास फणी मारावी लागते. मी अंगणात स्टूल टाकून बसते. फणी एकदा ओढली की मुठीएवढा फिका, जवळजवळ पांढरा पुंजका येतो, वजन म्हणाल तर काहीच नाही. पहिल्या वर्षी तीन उशांचे अभ्रे भरले. काही पुंजके जास्वंदीवर अडकून राहिले, ते बुलबुलाने उचलून नेले. घरट्यात नेले असणार.

तो स्वच्छ आहे, घरात कधी घाण करत नाही, उगाच भुंकत नाही, हे पत्रलेखकांनी लिहिलंय ते बरोबर आहे. पण नखं कापायला घेतली की जी किंकाळी फोडतो, ती ऐकून शेजारच्या काकू पहिल्यांदा धावत आल्या होत्या. आणि तो हाकेला ओ देत नाही. हा शिकारी कुत्रा, झाडोऱ्यात पक्ष्यांमागे, सशांमागे स्वतःच्या अकलेने जाणारा. माणसाच्या तोंडाकडे बघत राहणं त्याच्या रक्तात नाही. एकदा दूधवाल्याकडून फाटक उघडं राहिलं. अडीच तास आम्ही राजेंद्रनगर स्टेशनच्या बाजूने हाका मारत फिरत होतो. शेवटी उसाच्या रसाच्या ठेल्याखाली सापडला. मी दहा फुटांवरून "गेरू" म्हणाले. एक कान माझ्याकडे फिरला, नजर मात्र पलीकडच्या कबुतरांवरच. रुळांकडे गेला असता तर काय, या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही. तेव्हापासून पट्ट्याशिवाय तो फाटकाबाहेर पडलेला नाही.

आमचं कुलदैवत खंडोबा. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्यातला घास कुत्र्याला द्यायचा, ही घरची रीत. भरितात कांद्याची पात असते आणि कांदा कुत्र्यांना विषारी, म्हणून गेरूसाठी रोडग्याचा कोरडा तुकडा काढते. सासूबाई होत्या तोवर त्या तो स्वतःच्या हाताने द्यायच्या आणि त्याच्या कपाळाला भंडारा लावायच्या.

आणखी एक दुरुस्ती करायची आहे. त्या पत्राबरोबर, मेलेल्या मालकाची स्टेशनवर वाट पाहणाऱ्या हाचिको कुत्र्याची गोष्ट तो शिबा म्हणून छापली गेली. हाचिको आकिता होता. आकिताचा नर खांद्यापाशी सुमारे 67 सेंटिमीटर, शिबाचा 38 ते 41. गेरू मी मोजला आहे, साडेएकोणचाळीस. 1925मध्ये मालक प्राध्यापक उएनो गेले, तरी हाचिको शिबुया स्टेशनवर येत राहिला, 1935मध्ये मरेपर्यंत. स्टेशनावरची माणसं त्याला हाकलत, त्रास देत. ते पाहवेना म्हणून 1932मध्ये टोकियोच्या आसाही दैनिकाला लिहून कळवलं ते याच साइतो यांनी. जातींच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाला रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या कुत्र्याचे हाल सोसले नाहीत, हे मला त्यांच्या सगळ्या कामात मोठं वाटतं.

ज्यांना शिबा घ्यायचाच आहे, त्यांनी विकणाऱ्याकडे आईबापांच्या जीएम1 चाचणीचे कागद मागावेत आणि चिप आपल्यासमोर स्कॅन करून घ्यावी. 2017च्या नियमांप्रमाणे त्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असायला हवी आणि पिल्लू आठ आठवड्यांहून लहान नको. यातलं काही आम्ही विचारलं नव्हतं.

आणि घेण्याआधी माझ्याकडे या. पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवते आहे. मे महिन्यात दुपारी दोन वाजता या, गेरू मोरीपाशी पडलेला असेल. नाहीतर होळीनंतरच्या आठवड्यात सकाळी या. फणी मी देईन.

कळावे,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
राजेंद्रनगर, इंदूर