ज्येष्ठांच्या आरोग्य विमा योजना का गुंडाळल्या जातात?

महोदय,

आमच्या सोसायटीतील एका निवृत्त शिक्षिकेला विमा कंपनीचे पत्र आले: योजना बंद होत आहे, पर्यायी योजना घ्या. पर्यायी योजनेत प्रत्येक दाव्यातले 20 टक्के स्वतःच्या खिशातून भरायचे, शिवाय खोलीभाड्याला मर्यादा. वर्षानुवर्षे न चुकता हप्ते भरलेल्या बाईंनी ऐन सत्तरीत हे का सोसावे?

कंपन्या तोट्याचे कारण देतात. तोटा होतोही, पण तो कसा होतो ते पाहा. कंपनी तरुणांसाठी नवी, स्वस्त योजना आणते आणि धडधाकट माणसे तिकडे वळतात. मधुमेह असलेले, बायपास झालेले मागेच राहतात; त्यांना नव्याने घेणार कोण? मग दावे वाढतात, हप्ता वाढतो, आणखी काहीजण सोडून जातात आणि शेवटी योजनाच गुंडाळली जाते.

ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढ करण्याआधी आणि त्यांच्या वैयक्तिक योजना बंद करण्याआधी कंपन्यांनी आपल्याशी सल्लामसलत करावी, असे विमा नियामकाने जानेवारी 2025 मध्ये बजावले. पाऊल चांगले आहे, पण त्या चर्चेत पॉलिसीधारक कुठेच नाही. पुण्यासारख्या पेन्शनरांच्या शहरात तर हा प्रश्न घरोघरचा आहे.

योजना बंद करायचीच असेल, तर जुन्या ग्राहकांना जुन्याच अटींवर नव्या योजनेत घेण्याची सक्ती नियामकाने करावी.

– एक निवृत्त वाचक, कोथरूड, पुणे