वजनकाट्याला न दिसणारं पोट : महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

सातपुड्याच्या पायथ्याशी लहान मुलांवर उपचार करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यातलं एक मूल अजून डोळ्यांपुढून हलत नाही. दीड वर्षाचं पोर, दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, म्हणजे आपल्या कागदांवर 'सॅम', अतितीव्र कुपोषित. दाखल केलं, घट्ट पौष्टिक आहार दिला, वजन भरलं, आई हसत घरी गेली. पावसाळ्यात परत आलं ते जुलाब घेऊन. पोळ्याच्या सुमाराला पुन्हा, या खेपेला न्यूमोनिया. वजन पहिल्यापेक्षाही कमी. वॉर्डात कुणीतरी आईला म्हणालं, "तुझं लक्ष कुठं असतं गं?" मी ते ऐकलं आणि गप्प बसलो. ते आजही सलतं.

आईचं लक्ष होतं. मुलाच्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वस्तीकडे लक्ष नव्हतं, ते आम्हा डॉक्टरांचं.

एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तशी आतड्यातली जागा तिथले नेहमीचे जिवाणू धरून बसलेले असतात. उपरा जंतू आला तर त्याला ना बसायला जागा, ना खायला काही. आपल्याला न पचणाऱ्या चोथ्यातून हे जिवाणू ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर पोसल्या जातात. प्रतिकारशक्तीला आपलं-परकं ओळखायची सवय लागते तीही बरीचशी यांच्याच संगतीत. ही वस्ती उठली तर काय होतं, हे 1950च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांवर पाहिलं. साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची लागण व्हायला एरवी लाखभर जंतू लागत. आधी स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक दिलेल्या उंदरांना दहाहूनही कमी पुरले.

आता कुपोषणाकडे या. मलावी देशात जुळ्या मुलांच्या 317 जोड्यांवर तीन वर्षांपर्यंत लक्ष ठेवलं गेलं. 2013 साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. एकच आई, एकच चूल, तरी कित्येक जोड्यांत एक मूल कुपोषित आणि दुसरं धडधाकट. काही जोड्यांतल्या मुलांचे आतड्यातले जिवाणू निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांत सोडले आणि उंदरांना मलावीतलं रोजचं खाणं दिलं. आजारी जुळ्याचे जिवाणू मिळालेले उंदीर लक्षणीय झडले. म्हणजे ताटात काय पडतं एवढ्यावर गोष्ट संपत नाही. आईला बोल लावणाऱ्या प्रत्येकाला, माझ्यासकट, हा प्रयोग वाचायला द्यावा.

पुढची गोष्ट ढाक्याची. तिथल्या संशोधकांना दिसलं, की गंभीर कुपोषित मुलांच्या आतड्यातली वस्ती वयाच्या मानाने पोरकट राहिलेली असते. उपचाराच्या आहाराने ती थोडी सुधारते, पण आहार थांबला की पुन्हा मागे पडते. माझ्या वॉर्डातल्या त्या तीन खेपांचा अर्थ मला हे वाचताना लागला, तोही फार उशिरा. मग त्यांनी आधी त्या जिवाणूंना काय आवडतं ते शोधलं आणि त्यावरून बाळाचं खाणं ठरवलं. ढाक्यातल्याच मीरपूरच्या झोपडपट्टीतल्या 12 ते 18 महिन्यांच्या, मध्यम कुपोषित मुलांना तीन महिने रोज दोनदा ते भरवलं. तुलनेला होतं तांदूळ, मसूर आणि दूध पावडरीचं नेहमीचं पूरक अन्न. 118 मुलांनी चाचणी पूर्ण केली आणि 2021 साली निकाल आला. नव्या खाण्यात कॅलरी 15 ते 20 टक्के कमी होत्या, तरी उंचीच्या मानाने वजन त्याच मुलांचं जास्त वेगाने वाढलं. खिचडीशी माझं भांडण नाही, पण कॅलरी मोजून आपण निम्मंच मोजतो.

त्या खाण्यात होतं काय? हरभऱ्याचं पीठ, शेंगदाण्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ आणि कच्चं केळं. वर थोडी साखर, तेल, जीवनसत्त्वं आणि क्षार.

महोदय, ही यादी वाचून मी खुर्चीतून उठलो. सोयाबीन लातूरच्या अडतीवर भावाची वाट बघत पडलेलं असतं. हरभरा विदर्भ-मराठवाड्यात पिकतो. आणि केळी? नंदुरबारपासून जळगाव असं किती लांब आहे? भाव पडला की रावेर-यावलकडचे शेतकरी घड बांधावर टाकतात. केळं कच्चंच हवं, कारण पिकलं की त्यातल्या न पचणाऱ्या स्टार्चची साखर होते आणि जिवाणूंच्या वाट्याचं संपतं.

ढाक्याची चाचणी लहान होती, आणि आपल्या पावरा-भिल्ल मुलांची आतडी ढाक्याच्या मुलांसारखीच वागतील असं गृहीत धरता येणार नाही. म्हणून सरसकट जीआर काढू नका. आधी नंदुरबार, मेळघाट आणि जव्हार-मोखाड्यात रीतसर चाचणी घ्या. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना सोबत घ्या, पीठ बचत गटांकडून दळून घ्या. आणि वजनाच्या रकान्याशेजारी एक रकाना वाढवा : महिन्यात मूल किती दिवस आजारी होतं. पाकिटं किती वाटली यापेक्षा मला तो आकडा बघायचा आहे.

कुणी म्हणेल, चांगल्या जिवाणूंच्या पुड्याच वाटून टाकू. ओडिशाच्या खेड्यांत 4,556 नवजात बाळांवर चाचणी झाली होती, हे खरं. लॅक्टोबॅसिलस या जिवाणूचा निवडक वाण आणि त्याचं खाद्य सात दिवस दिल्यावर रक्तात जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचं प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आलं. पण तो एक विशिष्ट वाण होता. मेडिकलच्या गल्ल्यावरची कुठलीही पुडी म्हणजे तो नव्हे, आणि टेंडर काढणाऱ्याला हा फरक कोण सांगणार?

अँटिबायोटिकबद्दलही थोडं. मी त्यांच्या विरोधात नाही. मलावीतच गंभीर कुपोषित मुलांना आहारासोबत अमॉक्सिसिलिन दिल्यावर मृत्यू 7.4 टक्क्यांवरून 4.8 टक्क्यांवर आले होते. पण साध्या पाण्यासारख्या जुलाबाला ओआरएस आणि 14 दिवस झिंक पुरतं. तिथे चिठ्ठीशिवाय घेतलेलं औषध त्या वस्तीवरच बुलडोझर फिरवतं. आरोग्यमंत्र्यांशी एवढं एकदा बोलून घ्या.

वेळेचं मात्र बघा. दिवाळी झाली की धडगाव-अक्कलकुव्याकडची घरं ओस पडायला लागतात. मुलं आईबापांबरोबर गुजरातेत उसाच्या फडावर जातात. तिथे आपली अंगणवाडी नसते, काटाही नसतो. चाचणी पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू झाली, तरच तिचे तीन महिने मुलं गावात असताना पुरे होतील.

आपला,
सातपुड्यातला एक निवृत्त बालरोगतज्ज्ञ