पाणी बदललं की मासे मरायचे: केमिस्ट काकांना पत्र

ती. काका,

साष्टांग नमस्कार, वि. वि.

नाव कुठं लिहू नका म्हणालात, म्हणून नुसतं काका लिहिते. सकाळी रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांना तुम्ही कोण ते कळेलच. आभार घरी येऊनही मानले असते, पण माझ्यासारखं अजून कुणीतरी बादल्या भरभरून टँकचं पाणी बदलत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेले मासे जाळीनं काढत असेल. त्यांनाही वाचता यावं म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

टँक माझ्या मुलाचा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्यानं हट्टानं घेतलेला, तीन फुटी. तुम्ही टेप लावून मोजलात आणि खडी, वरची मोकळी जागा सोडून ११० लिटर पाणी आहे असं सांगितलंत. तोवर मला आकडाच माहीत नव्हता. मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि मासे माझ्याकडे आले. दोन एंजल, डझनभर विडो टेट्रा, एक सकर. कुणीतरी सांगितलं होतं, जुनं पाणी माशांना मानवतं, सारखं बदलू नये. मी ते मनापासून पाळलं. पाणी आटलं की वरून भर घालायची, एवढंच. पाणी काचेसारखं नितळ, मासे खाऊन-पिऊन सुखी. दीड-दोन वर्षं असंच चाललं.

मग २०२४ चे गणपती आले. घरी माणसं येणार म्हणून आदल्या दिवशी टँक साफ केला, निम्मं पाणी काढून नळाचं भरलं, बाटलीवर लिहिलं होतं तेवढं अँटी-क्लोरीन टाकलं. संध्याकाळी टेट्रा वर येऊन तोंड उघडबंद करायला लागले. सकाळी दोन गेलेले. वाटलं, पावसाळ्यात क्लोरीन जास्त सोडलं असेल. दसऱ्याला पाणी दोन दिवस पिंपात साठवून, अँटी-क्लोरीन दुप्पट टाकून भरलं. तरी तेच, एक एंजल गेला. दुकानात विचारलं तर पाण्याकडे बघून क्लिअर आहे म्हणाले आणि निळ्या औषधाची बाटली दिली. डिसेंबरात शेवटचा उपाय म्हणून बहिणीच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी कॅन भरून आणलं. आमच्या सगळ्या गोतावळ्यात त्या पाण्याची ख्याती आहे, पिठलंसुद्धा त्या पाण्यात चवदार होतं म्हणतात. त्या रात्री सगळ्यात जास्त मासे मेले. चार टेट्रा, एक एंजल आणि सकर मिळून सहा जीव उरले.

मुलाला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. फोनवर तो "मासे कसे आहेत?" विचारायचा आणि मी विषय बदलायची. त्या दिवशी संध्यामठाच्या बाजूला मैत्रिणीशी हेच बोलत होते, माझा आवाज भरून आला होता, आणि शेजारच्या बाकावरून तुम्ही विचारलंत, "ताई, मासे पाणी बदलायच्या आधी आजारी असतात, का बदलल्यावर?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी आलात. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये तीस गळीत हंगाम काढलेला माणूस माशांच्या टँकपुढे बसून काय बघणार, असं माझ्या सासूबाईंना वाटलं होतं. तुम्ही चहासुद्धा आधी घेतला नाही. टँकचं, नळाचं आणि कॅनमध्ये उरलेलं विहिरीचं, अशी तीन पाणी तीन कपांत घेतलीत आणि पीएच बघितलात, म्हणजे पाणी किती आंबट ते; आकडा जितका कमी तितकं पाणी आंबट. नळाचा साडेसात, विहिरीचा आठ, टँकचा सहाच्याही खाली. मग ते थेंब टाकून मोजायचं केएच, म्हणजे पाण्यातली क्षारता, आंबटपणा थोपवून धरायची ताकद. नळाच्या पाण्यात चार थेंबांनी रंग पिवळा झाला, विहिरीच्या पाण्यात अकरा लागले, टँकच्या पाण्यात पहिल्याच थेंबाला पिवळा. शेवटी अमोनिया. नळी हिरवीगार झाली, तक्त्यावरचा शेवटचा रंगही फिका वाटावा इतकी. आणि त्याच पाण्यात माझे सहा मासे आरामात फिरत होते. किट खराब असेल असं मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, "किट बरोबर सांगतंय. पाणी आंबलंय, म्हणून मासे वाचलेत."

हे वाक्य समजायला मला आठवडा लागला. आता दुसऱ्याला समजावता येतं, म्हणून इथं लिहिते. चुकलं तर कान धरा.

माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजात आणि खडीत वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे काम करताना आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातली क्षारता खात राहतं. तुम्ही वहीत लिहून दिलंत: एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे सात ग्रॅम क्षारता, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. मी पाणी बदलत नव्हते, म्हणजे क्षारतेची भरपाई नव्हती. आटलेल्या पाण्याच्या जागी थोडी भर पडायची, ती पुरणार कशी? क्षारता संपली, पीएच घसरला आणि सहाच्या खाली गेल्यावर जिवाणूंचं काम जवळजवळ थांबलं. अमोनिया साठत गेला. पण आंबट पाण्यात तो जवळपास सगळा अमोनियमच्या रूपात असतो आणि ते रूप माशांना फारसं बाधत नाही. किट मात्र दोन्ही रूपं एकत्र मोजतं. पीएच एकानं वाढला की विषारी अमोनियाचा वाटा साधारण दहापट होतो. सहावरून आठवर गेला की जवळजवळ शंभरपट. म्हणजे मी चांगलं पाणी ओतत होते आणि त्या पाण्यानंच टँकमध्ये साठलेलं विष जागं होत होतं. विहिरीचं पाणी सगळ्यात सकस, म्हणून त्या रात्री सगळ्यात जास्त मेले.

उसाच्या रसाचं उदाहरण तुम्ही दिलंत तेव्हा सासूबाईही पुढं सरकून ऐकायला लागल्या. रस आंबट राहिला की साखर फुटते, म्हणून त्याला पाण्यात कालवलेलं चुन्याचं दूध द्यायचं, पण तेही मापात, पीएच बघत बघत. रात्रपाळीला तासातासाला नमुना घ्यायची सवय तुमच्या हाताला अजून आहे, ते मी बघितलं.

मग तुम्ही विचारलंत, "टँक बरा चालायचा तेव्हा त्यात काय होतं, जे आता नाही?" मला आठवेना. सासूबाईंना आठवलं. गगनबावड्यावरून कोकणात उतरलो होतो तेव्हा नातवानं गोळा केलेले ओंजळभर शिंपले. २०२३ च्या दिवाळीच्या साफसफाईत, हिरवे पडलेत म्हणून मीच ते टाकून दिले होते. तुम्ही काहीच बोलला नाहीत. अंगणातल्या कुंडीत एक शिंपला शिल्लक होता, तो आणायला लावलात आणि त्याच्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकलेत. फसफसून बुडबुडे आले. सगळी ती चुनखडीच. पाणी आंबायला लागलं की ती हळूहळू विरघळून सावरून धरत होती, आणि मला वाटत होतं ती नुसती शोभा.

मला त्याच दिवशी शिंपले टाकायचे होते. तुम्ही हात धरल्यासारखं थांबवलंत. अमोनिया इतका असताना पीएच चढवला तर उरलेलेही जातील. आधी अमोनिया खाली, मग शिंपले. चार दिवस खाणं बंद. रोज फक्त सहा लिटर पाणी काढायचं, तेही नळीनं खडीतला गाळ ओढत, एका दिवशी एकच कोपरा. आणि सहा लिटर भरायचं ते सलाईनच्या नळीतून, थेंब थेंब, दोन तास. ती नळी तुम्हीच आणलीत, चाक फिरवून थेंब कसे मोजायचे तेही दाखवलंत. निळं औषध परत टाकायचं नाही, कारण त्यानं आहेत ते जिवाणूही जायचे. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. तुमच्या ओळखीच्यांच्या चालू टँकमधला जुना स्पंज ओल्या फडक्यात गुंडाळून तुम्ही स्कूटरवरून आणलात, तो दिवस मी विसरणार नाही. बाहेर धुकं होतं आणि तुम्ही तो स्पंज स्वेटरच्या आत धरला होता.

तीन आठवडे रोज फिरून परतताना तुम्ही वाटेत थांबलात. लॅबच्या रजिस्टरसारखी वही आखून दिलीत: तारीख, पीएच, केएच, अमोनिया, नायट्राइट, शेरा. शेरा या रकान्यात मी पहिल्या दिवशी "भीती वाटते" असं लिहिलं, तर तुम्ही खाली लिहिलंत, "मासे खातात का ते लिहा." तेवढ्यानं मला धीर आला. अमोनिया एकच्या खाली आल्यावर शिंपले उकळून, जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरमध्ये ठेवले. मध्ये आठवडाभर नायट्राइट चढला, तेव्हा मी घाबरून रात्री फोन केला. तुम्ही जराही ओरडला नाहीत. जिवाणूंची पहिली फळी कामाला लागली, दुसरी अजून यायचीय, असं समजावलंत. मार्चमध्ये दोन्ही शून्य आले. त्यानंतर एकही मासा गेला नाही.

मुलालाही खरं सांगितलं. सांगा म्हणून तुम्हीच मागं लागला होतात. तो थोडा वेळ गप्प बसला, मग वहीच्या पानांचे फोटो पाठव म्हणाला. आता दर रविवारी मागून घेतो.

रंकाळ्यावर पाणवठ्याशी उभं राहून जलपर्णीकडे बोट दाखवत तुम्ही म्हणाला होतात की सांडपाण्यातून जे येतं तेच ती खाऊन माजते, टँकमधल्या नायट्रेटचं आणि तिचं नातं एकच. ते ऐकून टँकच्या कडेला मनी प्लांटच्या फांद्या मुळं पाण्यात सोडून लावल्यात. पांढरी मुळं वीतभर झाली आहेत. सकर त्यांच्यामागे लपून बसतो.

आजच्या नोंदी: पीएच ७.२, केएच चार थेंब, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. शेरा: सगळे खातात. तुमची सलाईनची नळी धुऊन वाळवून ठेवली आहे. दर शनिवारी पाणी त्याच नळीनं भरते, म्हणून परत करायचं मन होत नाही. तुमच्यासाठी दुसरी नवीन आणून ठेवलीय. चहाला या, सासूबाई रोज विचारतात.

तुमची,
पाणी मोजायला शिकलेली शेजारीण