सुईत काय होतं, तेवढं तरी लिहा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री यांस,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या मंगळवारी माझं गुडघेबदलाचं ऑपरेशन ऐनवेळी रद्द झालं. उपाशीपोटी, हिरवा गाऊन घालून, उजव्या मांडीवर मार्करने बाण काढून घेऊन मी स्ट्रेचरवर पडले होते. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "गेल्या तीन महिन्यांत गुडघ्यात इंजेक्शन घेतलंय?" घेतलं होतं, सात आठवड्यांपूर्वी. "कसलं? स्टिरॉइड होतं का?" मला काय ठाऊक! केसपेपरवर एवढंच, 'गुडघ्यात इंजे. दिले', आणि खाली गांडुळासारखी सही. बिलावर 'प्रोसिजर चार्जेस'. स्टिरॉइड दिल्यावर तीन महिन्यांच्या आत कृत्रिम सांधा बसवला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून मला परत पाठवलं. बाईंचं काहीच चुकलं नाही.

चुकलं तुमचं. सांध्यात काय टोचलं हे रुग्णाला लेखी मिळेल, असं तुम्ही गेल्या वर्षी भर सभेत सांगितलंत. मी टाळ्या वाजवल्या. बसूनच, कारण उठवत नव्हतं.

तीन वर्षांत चार सुया झाल्या माझ्या. पहिलं स्टिरॉइड. पाच आठवडे स्वर्ग, खोटं कशाला बोलू. पण मला मधुमेह आहे, आणि स्टिरॉइडने काही दिवस साखर वाढते हे कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी तीनशेच्या वर! घाबरून रात्रभर पाणी पीत बसले. ठरावीक अंतराने स्टिरॉइड घेतच राहिलं तर कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, अधिक झिजते, असं २०१७ साली एका अभ्यासात दिसलं. त्यातल्या रुग्णांना दोन वर्षं दर तीन महिन्यांनी दिलं, आणि दुखणं साध्या मिठाच्या पाण्याच्या, म्हणजे औषध नसलेल्या, सुईपेक्षा कमी झालं नाही. हे मला भाच्याने मोबाईलवर वाचून दाखवलं. डॉक्टरांनी नाही.

दुसरं ते वंगणाचं, हायल्युरॉनिक ॲसिड. "गाडीला ऑइल घालतो ना, तसं." गाडी हलली नाही. २०२२ मध्ये १६९ चाचण्या, वीस-एकवीस हजार रुग्ण एकत्र तपासले, तर खोट्या सुईपेक्षा फरक इतका किरकोळ की रुग्णाला जाणवूही नये.

तिसरं पीआरपी, म्हणजे रक्तातल्या प्लेटलेट्सचं. माझंच रक्त काढलं, यंत्रात गरगर फिरवलं, वरचा पिवळसर भाग परत मलाच टोचला. भिंतीवर पोस्टर : 'झिजलेली गादी पुन्हा तयार!' २०२१ च्या चाचणीत २८८ जण होते. वर्षभराने पीआरपीवाले आणि मिठाच्या पाण्याचे, दुखण्यात फारसा फरक नाही. कूर्चाही वाचली नाही. तरी पोस्टर झळकतंच आहे. उतरवायचं कुणी?

आणि चौथी ही निनावी.

बरं, २०२० मध्ये १५६ जणांत स्टिरॉइडची सुई आणि फिजिओथेरपी यांची तुलना झाली, वर्षाअखेर फिजिओथेरपी सरस ठरली. मला व्यायाम दाखवायला कुणाकडे पाठवलं? कुणाकडेच नाही. फिजिओथेरपिस्टची जागा रिकामी, असं खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं. मांडीचा स्नायू बळकट करायला वेळ लागतो, माणूस लागतो. सुईला दोन मिनिटं. दोन मिनिटांचं बिल होतं, वेळाचं होत नाही. तुमचा सगळा कारभार या एका हिशेबावर चाललाय. जगात साडेछत्तीस कोटी लोकांचे गुडघे झिजलेत म्हणतात. एवढं गिऱ्हाईक कोण सोडेल? औषध दुकानदार गोळ्यांच्या पाकिटाचं बिल देतो, त्यावर नाव, बॅच, मुदत सगळं. माझ्या सांध्यात जे शिरलं त्याची चिठ्ठी नाही!

इंजेक्शनं बंद करा असं मी म्हणत नाही. दुखणं अनावर झालं की चार-सहा आठवड्यांचा आराम कमी नसतो. पण औषधाचं नाव, मात्रा, तारीख, कोणता गुडघा, पुढच्या ऑपरेशनला किती थांबायचं, आणि आराम किती दिवस टिकेल याचं खरं उत्तर. चार ओळी होतील. मीच मसुदा करून देते, शाळेत तीस वर्षं तेच केलं.

ऑपरेशनची नवी तारीख मिळालेली नाही. तोवर जिना बसून, एकेक पायरी, उलटी उतरते आहे.

केसपेपरची झेरॉक्स सोबत जोडली आहे. चौथी ओळ तुमच्या खात्यात कुणाला वाचता आली, तर मलाही कळवावं.

आपली,
गुडघ्याची एक रुग्ण