नागाच्या रक्तापलीकडचे प्रशिक्षण

मा. संपादक यांस,
सादर नमस्कार.

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास थायलंडमधील ‘कोब्रा गोल्ड’ या बहुराष्ट्रीय लष्करी सरावाची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर झळकतात. जंगलात तग धरण्याच्या पाठात गुडघ्यांवर बसून तोंड वर केलेला सैनिक आणि त्याच्या तोंडात सोडले जाणारे नागाचे रक्त, हे चित्र त्यांत अनेक वर्षे हमखास असे. १९८२ पासून थायलंड आणि अमेरिका यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या या सरावात समुद्रातून किनाऱ्यावर उतरणे, आपत्तीतील मदतकार्य, गावांतील शाळांची बांधकामे अशी कितीतरी कामे होतात. पण वाचकांच्या लक्षात राहते ते तेवढे रक्त. दापोली, मंडणगड आणि गुहागर या तालुक्यांतील आम्ही काही निवृत्त सैनिक अधूनमधून एकत्र बसतो, तेव्हा परदेशातील संयुक्त प्रशिक्षणाच्या आठवणी निघतातच. त्या आठवणींत या प्रथेला असलेले स्थान छायाचित्रातल्यापेक्षा फार वेगळे आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमचा मंडणगडचा एक जोडीदार भारत आणि थायलंड यांच्यात २००६ पासून होत असलेल्या ‘मैत्री’ सरावासाठी तिकडे गेला होता. तो माळकरी आहे. पलटणीतही त्याने गळ्यातली तुळशीची माळ कधी उतरवली नाही. जंगलात तग धरण्याचा पाठ सुरू असताना थाई उस्तादाने उघड्या हाताने नाग फण्यामागे धरला आणि रांगेतील एकेकाला पुढे बोलावले. याची पाळी आली तेव्हा याने माळेला हात लावून मान हलवली. उस्ताद क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिला, नाग त्याने सहकाऱ्याच्या हाती दिला आणि बाजूच्या झाडावर चढलेल्या जाडजूड वेलीकडे त्याला नेले. आधी हात पोहोचेल तितक्या उंचीवर त्याने वेलीला खोल छेद घेतला आणि मगच ती खालून तोडली, कारण हा क्रम उलटा झाला तर आतले पाणी वर ओढले जाते. पहिले थेंब त्याने तळहातावर घेऊन दाखवले: पांढरा चीक आला किंवा कडू लागले तर फेकून द्यायचे, नितळ आणि बेचव असेल तरच प्यायचे, आणि पिताना वेलीला ओठ लावायचे नाहीत. ते पाणी याने प्यायले आणि रांग पुढे सरकली. कोणी त्याची थट्टा केली नाही, की त्याला कमी लेखले नाही. रक्त प्यालेले इतर जोडीदार आज त्या चवीबद्दल दोन वाक्ये बोलतात. वेल कशी तोडायची हे मात्र सगळ्यांनाच अजून हाताने करून दाखवता येते.

मिझोरममधील वैरेंगटे येथील आपल्या जंगलयुद्ध प्रशालेतही, जिथे अमेरिकी सैनिक येऊन शिकून गेले आहेत, हाच अनुभव आहे. तेथे मिळेल ते खायला शिकवतात हे खरे, परंतु त्यामागचा हेतू किळस आणि भीती मोडण्याचा असतो, शौर्याचे प्रदर्शन करण्याचा नव्हे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ मध्ये अलास्कातील फोर्ट वेनराइट येथे झालेल्या ‘युद्ध अभ्यास’ सरावात साडेतीनशे भारतीय जवान होते आणि त्यांत मुख्य पलटण मराठा लाइट इन्फंट्रीची होती, ही गोष्ट कोकणातील घराघरांत अभिमानाने सांगितली जावी अशी आहे. थंड मुलुखात घामाने भिजलेले कपडेच जिवावर उठतात. म्हणून चढाला लागण्यापूर्वी अंगावरचा एक थर उतरवायचा, मुक्कामाला कोरडे मोजे चढवायचे आणि जोडीदाराचे नाक-कान पांढरे पडत नाहीत ना, हे सतत पाहत राहायचे. स्वतःचे नाक स्वतःला दिसत नाही, त्यामुळे हे काम दुसऱ्यानेच करावे लागते.

छायाचित्रांचा परिणाम आपल्याकडे कसा होतो, हे मला विशेष काळजीने सांगायचे आहे. गावातली मुले घरात निघालेला साप काठीने दाबतात, शेपटीला धरून उचलतात आणि त्याची चित्रफीत काढतात. नागाचे विष त्याच्या विषग्रंथीत असते, रक्तात नव्हे, हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. पण कच्च्या रक्तातून रोगजंतू आणि परजीवी पोटात जाऊ शकतात, आणि आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नागाला मारणे हा गुन्हा आहे. कोकणच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) नागापेक्षा फुरसे अधिक भेटते. ते चावल्यावर जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे हे सगळे घातक असते. चावलेला अवयव न हलवता रुग्णाला प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात नेणे, हाच उपाय आहे. विंचूदंशावर ‘प्राझोसिन’ हे औषध वापरून असंख्य जीव वाचवण्याची वाट डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्याच महाडमध्ये राहून दाखवली, हेही या मुलांना कोणीतरी सांगायला हवे.

आमच्यातील गुहागरचा मित्र नौदलात होता आणि २००४ पासून भारतीय व ब्रिटिश नौदलांमध्ये होणाऱ्या ‘कोकण’ सरावासाठी इंग्लंडच्या समुद्रात जाऊन आला. जीवरक्षक तराफ्यावर पहिल्या चोवीस तासांत धडधाकट माणसाला पाणी द्यायचे नाही, समुद्राचे पाणी कितीही तहान लागली तरी प्यायचे नाही आणि पावसाचा प्रत्येक थेंब ताडपत्रीवर धरायचा, हे त्याला शिकवलेले नियम हर्णै बंदरातून खोल समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक खलाशाला पाठ असले पाहिजेत, असे तो कळकळीने सांगतो. त्याचे म्हणणे मला पूर्णपणे पटते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडची घरे आणि बागा उद्ध्वस्त केल्या. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली. रस्ते बंद असल्यामुळे मदत पोहोचायला विलंब झाला. बाहेरची पथके येईपर्यंतचे तास गावालाच निभावून न्यावे लागतात. पाणी उकळून पिणे, चिखलात उतरताना पायाच्या जखमा झाकणे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू तेथून शिरतात), ओल्या रात्री उबेला एकत्र राहणे, माणसे जोडीजोडीने मोजत राहणे, हे आम्ही सरकारी खर्चाने देशात आणि परदेशात शिकलो. शेवळ या रानभाजीची खाज काकडाच्या फळाने मारावी लागते हे जाणणाऱ्या आमच्या आया-आज्यांकडे रानातल्या अन्नाचे ज्ञान आहेच. त्यांनाही या कामात बरोबर घ्यावे.

म्हणून रत्नागिरी आणि रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांना आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे, की पावसाळ्यापूर्वी होणाऱ्या गावपातळीवरील आपत्ती बैठकांना आणि आपत्तीत मदतीसाठी स्वयंसेवक तयार करणाऱ्या ‘आपदा मित्र’ योजनेच्या प्रशिक्षणाला त्या त्या तालुक्यातील माजी सैनिकांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत लेखी बोलावणे जावे. मानधनाची आमची अपेक्षा नाही; दोरखंड, ताडपत्री आणि प्रथमोपचाराचे साहित्य तेवढे पंचायत समितीने उपलब्ध करून द्यावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सुभेदार,
ता. दापोली, जि. रत्नागिरी