दीडशे यार्ड दाखवल्याबद्दल: लष्करातल्या डॉक्टर सरांना अनावृत पत्र

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "असू दे, असू दे" म्हणत विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. ज्या पोरांसाठी तुम्ही भर उन्हात मैदानावर आलात, त्यांच्या आईवडिलांनीही हे वाचावं अशी इच्छा आहे.

आमच्या रग्बीच्या पोरांसाठी मी थॉमस क्रीन या आयरिश खेळाडूवर लिहायला घेतलं होतं. खेळाडू म्हणून तो मला ठाऊक होता. 1873 साली डब्लिनमध्ये जन्मलेला, वाँडरर्स क्लबचा फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतला खेळाडू. 1894 मध्ये आयर्लंडनं पहिल्यांदा ट्रिपल क्राउन जिंकला (एकाच हंगामात इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स तिघांना हरवलं), त्या संघात तो होता. 1896 मध्ये डॉक्टर झाला आणि त्याच वर्षी ब्रिटिश संघातून दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेला. 21 सामने, 19 विजय, एक बरोबरी, एकच हार. कर्णधार हॅमंड खेळत नसला की नेतृत्व क्रीनकडे. दौरा संपल्यावर तो तिथेच राहिला आणि जोहान्सबर्गच्या रुग्णालयात काम करू लागला. क्लबातला त्याचा सोबती रॉबर्ट जॉन्स्टनही परतला नाही.

1899 मध्ये दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर, म्हणजे तिथले डच वंशाचे वसाहतकरी, यांच्यात युद्ध पेटलं आणि शिकलेला डॉक्टर इंग्रजांच्या बाजूच्या इंपीरियल लाइट हॉर्स या घोडदळात साधा घोडेस्वार म्हणून भरती झाला. हे मला काही केल्या उलगडेना. तुम्ही म्हणालात, "डॉक्टरला मागे ठेवतात रे, त्याला पुढे जायचं असेल." एलांड्सलाख्तच्या लढाईत तो जखमी झाला. त्याच लढाईतल्या पराक्रमासाठी जॉन्स्टनला व्हिक्टोरिया क्रॉस, हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. पुढे त्याच पलटणीत क्रीन डॉक्टर म्हणून सर्जन कॅप्टन झाला.

त्याच्या स्वतःच्या व्हिक्टोरिया क्रॉसची हकीकत कागदावर दोन-तीन ओळींची आहे. 18 डिसेंबर 1901, टायगरक्लूफ स्प्रूट. शत्रू 150 यार्डांवर. स्वतःला गोळी लागल्यावरही तो जखमींवर उपचार करत राहिला. दुसरी गोळी लागली, आता हा वाचत नाही असं वाटलं, तेव्हाच हात थांबले. मी ते तुम्हाला वाचून दाखवलं तर तुम्ही एवढंच विचारलंत, "तुझं मैदान किती लांब आहे?"

आणि रविवारी सकाळी हजर झालात. 150 यार्ड म्हणजे साधारण 137 मीटर, दोन्ही टोकांचे इन-गोल (गोलरेषेमागचे पट्टे) धरले तर जवळपास आमचं अख्खं मैदान. एका पोराला पलीकडच्या डेड-बॉल लाइनवर, म्हणजे मैदानाच्या शेवटच्या रेषेवर, उभं केलंत, बाकीच्यांना अलीकडे पालथं झोपवलंत. त्याच्या जर्सीवरचा आकडा इथून वाचता येत होता. मग एकीच्या हातात बँडेज देऊन म्हणालात, "शेजारच्याच्या मांडीला बांध. डोकं वर काढायचं नाही." जमेना. बँडेज मांडीखालून ओढून घ्यायचं तर कोपरावर यावं लागतं, घट्ट आवळायचं तर गुडघ्यावर. आळीपाळीनं सगळ्यांनी करून पाहिलं आणि प्रत्येकाचं डोकं वर आलंच. "झोपून गोळी झाडता येते," तुम्ही म्हणालात, "झोपून पट्टी बांधता येत नाही." समोर माउझर रायफली असताना तो माणूस काय करत होता, हे पोरांना तेव्हा कळलं. मी पानं भरून लिहिलं असतं तरी कळलं नसतं.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे आभार. हे युद्ध साम्राज्याचं होतं, बोअर बायकामुलांना छावण्यांत कोंडून हजारोंनी मरू दिलं गेलं, हे तुम्ही पोरांपासून लपवलं नाहीत. कोलेन्सो आणि स्पिऑन कोपला डोल्या वाहणाऱ्या गांधीजींच्या भारतीय पथकाबद्दलही सांगितलंत. शौर्य सांगताना एवढं सांगायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

क्रीनचा शेवट मात्र मला अजून छळतो. पहिल्या महायुद्धात तो पुन्हा लष्करी डॉक्टर म्हणून गेला, डीएसओ हे लष्करी पदक मिळालं, 44व्या फील्ड अँब्युलन्सचं, म्हणजे आघाडीवरच्या फिरत्या वैद्यकीय पथकाचं, नेतृत्व केलं. पुढे मधुमेहानं खचला आणि 25 मार्च 1923 ला गेला, पन्नाशीही न गाठता. टोरँटोत पहिल्या रुग्णाला इन्शुलिन टोचलं होतं जानेवारी 1922 मध्ये. हे सांगताना तुम्ही बराच वेळ थांबलात. "थोडक्यात हुकलं," म्हणालात. संघातल्या एका मुलीला मधुमेह आहे, ती रोज इन्शुलिन घेते आणि स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ खांदे भिडवून एकमेकांना रेटतात तेव्हा, पहिल्या रांगेत असते. त्या दिवशी तिनं तुम्हाला सगळ्यात जास्त प्रश्न विचारले, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

लेख पुरा झाला. त्याची प्रत सोबत जोडतो आहे. युद्धाचा भाग तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय पोरांना देणार नाही. आणि एक विनंती. त्या रविवारपासून पोरं माझ्या मागे लागली आहेत: स्क्रम कोसळून कुणाची मान दुखावली तर डॉक्टर येईपर्यंत त्याला हलवायचं की नाही, धरायचं कसं, हे त्यांना तुमच्याकडूनच शिकायचंय. पावसाळ्याआधी एखादा रविवार द्याल का? बँडेज, स्ट्रेचर सगळं आम्ही आणून ठेवू. वहिनींनाही घेऊन या, नाश्ता मैदानावरच करू.

आपला नम्र,
पोरांचा रग्बी कोच